फाशी यार्डातली सोबत

गुरुजी : तुझं म्हणणं आधी माझ्या तोंडून ऐक, म्हणजे मी ते वाकडं करून घेतलं असं नंतर म्हणायला नको. फाशीची शिक्षा लागलेल्या माणसाला वर्षानुवर्षं एकटं कोंडणं हा अन्याय आहे, हा तुझा पहिला मुद्दा. आणि तिथे शेजारच्या कोठडीतला दुसरा फाशीवाला त्याला जी साथ देतो तिची आपण कदर करावी, हा दुसरा. पहिला मला अर्धामुर्धा पटतो. दुसरा घशाखाली उतरत नाही. ऑक्टोबर २०२१ मधली पुष्पक एक्स्प्रेस आठवते ना? इगतपुरी सुटल्यावर दरोडेखोरांनी डब्यातल्या प्रवाशांना लुटलं, एका तरुण बाईवर सामूहिक अत्याचार केला, आणि गाडी आपल्या कसाऱ्याला लागली तेव्हा प्रवाशांनी आरडाओरडा केला. त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर फाशीशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि बोलणाऱ्यांत मीही होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोकांनी दिवसभर रूळ अडवले, तेव्हाही मागणी तीच. ही माणसं दुष्ट नाहीत रे, लेकीबाळींचे आईबाप आहेत. त्यांना तू सांगणार, की फाशीवाल्यांच्या दोस्तीचं कौतुक करा?

वकील : कौतुक नको, गुरुजी, हिशेब करा. २०२३ अखेर देशभरातल्या तुरुंगांत फाशीची शिक्षा झालेले ५६१ कैदी होते. २००४ पासून आजवर प्रत्यक्ष फासावर गेले आठ : धनंजय चटर्जी, कसाब, अफझल गुरू, याकूब मेमन आणि २०२० मध्ये दिल्लीच्या निर्भया खटल्यातले चौघं. सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली की उच्च न्यायालयात कन्फर्मेशन केस, मग सर्वोच्च न्यायालय, मग फेरविचार, मग राज्यपाल, मग राष्ट्रपती, आणि तिथे उशीर झाला म्हणून पुन्हा कोर्ट. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या त्या दोघी बहिणी १९९६ पासून आत होत्या. २००१ मध्ये फाशी झाली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारच्या दिरंगाईवर ताशेरे ओढून ती जन्मठेपेत बदलली. मग या बायकांनी वीस वर्षं भोगलं ते काय? बदलापूरला रुळांवर बसून लोक जी शिक्षा मागत होते ती क्वचितच होते. जी रोज होते, ती कोणी मागितलेली नसते आणि कोणी सुनावलेलीही नसते.

गुरुजी : सुनावलेली नाही कशी? तुरुंगाच्या कायद्यात आहे ना. १८९४ चा कायदा, कलम ३०. फाशीवाल्याची झडती घ्या, इतर कैद्यांपासून वेगळ्या कोठडीत ठेवा, दिवसरात्र पहारा ठेवा. हे मागे तूच मला वाचून दाखवलं होतंस. आणि त्यामागचं कारण मला पटतं. ज्याला गमावण्यासारखं काही उरलं नाही, तो बराकीतल्या शे-दोनशे माणसांत काय करील त्याचा नेम नाही. दुसऱ्याचा जीव घेईल, नाहीतर स्वतःचा. जेलरच्या जागी उभा राहून बघ. कोर्टाने त्याच्या हाती एक माणूस सोपवलाय आणि सांगितलंय, निकाल लागेपर्यंत हा जिवंत राहिला पाहिजे. तो त्याला कडीकुलपात ठेवणार नाही तर काय गावच्या जत्रेत फिरवणार?

वकील : जिवंत राहतो का, तेच बघू. कोपर्डीच्या खटल्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशी झाली. त्यातल्या मुख्य आरोपीचा मृतदेह सप्टेंबर २०२३ मध्ये येरवड्याच्या कोठडीत गळफास घेतलेल्या अवस्थेत मिळाला. कोठडीही होती आणि पहाराही होता. 'बरं झालं, सुटली पीडा' म्हणणारे त्या दिवशी आपल्या तालुक्यातही भेटले. त्यांच्याशी मी वाद घातला नाही. पण तुमचं कारण त्या बातमीने खोटं ठरवलं. एकटेपणाने जीव वाचत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या अभ्यासगटाने पाच राज्यांतल्या ८८ फाशीच्या कैद्यांची पाहणी करून २०२१ मध्ये अहवाल काढला. त्यातल्या ६२ टक्क्यांहून अधिक जणांना एक ना एक मानसिक आजार निघाला.

आता कलम ३०. १९७८ मध्ये सुनील बात्रा नावाच्या तिहारमधल्या फाशीच्या कैद्याने हेच कलम सर्वोच्च न्यायालयात नेलं. कोर्टाने दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या. अपिलं आणि दयेचा अर्ज संपेपर्यंत माणूस या कलमात येतच नाही. आणि त्यानंतर आला तरी वेगळी कोठडी म्हणजे एकांताची शिक्षा नव्हे. इतर कैदी दिसणं, त्यांचा आवाज कानावर येणं तोडता येत नाही. एकांताची शिक्षा वेगळी आहे आणि ती फक्त कोर्टच देऊ शकतं. दंड संहितेत कलम ७३ आणि ७४ होती, आता भारतीय न्याय संहितेत ११ आणि १२ आहेत. कितीही मोठी सजा असो, सगळी मिळून तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही आणि एका दमात चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही. हे इंग्रजाने १८६० मध्ये लिहून ठेवलंय, आणि इंग्रज काही कैद्यांचा मामा नव्हता. आता बेळगावला या. हिंडलग्याच्या तुरुंगात एका माणसाला २००६ पासून दहा वर्षं एकट्याला कोंडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये, निवृत्तीच्या चार दिवस आधी, सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने तेवढ्यासाठी त्याची फाशी रद्द केली आणि किमान तीस वर्षांची जन्मठेप दिली.

गुरुजी : थांब, तुझी गाडी मी इथेच अडवतो. तो हिंडलग्याचा माणूस कोण होता तेही सांग ना. पोलीस दलातला बडतर्फ शिपाई. भरदिवसा एकट्या बाईच्या घरात शिरून त्याने तिच्यावर बलात्कार केला, तिचा खून केला आणि दागिने पळवले. बरं, एकच गुन्हा नाही, त्याच्या नावावर गुन्ह्यांची माळ होती. त्या बाईचा लहान मुलगा खेळून घरी आला आणि आई तशी पडलेली त्याने पाहिली. आता हिशेब तू कर. चूक कोणाची? तुरुंगवाल्यांची. भरपाई कोणाला मिळाली? खुन्याला. त्या पोराला काय मिळालं? ज्याने कोंडलं त्या अधिकाऱ्याला शिक्षा करा, माझी हरकत नाही. पण तुरुंगाने नियम मोडला म्हणून गुन्हेगाराच्या गळ्यातला दोर सैल करायचा, हा कुठला न्याय? ही तर सरकारची चूक त्या पोराच्या खात्यावर मांडली.

वकील : याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. कोर्टाने दिलेलं उत्तर सांगतो. फाशीची शिक्षा सुनावताना न्यायाधीश फक्त मरण देतो, मरणाआधी दहा वर्षं वेडाच्या काठावर बसवून ठेवायचं आणि मग मारायचं असं तो म्हणत नाही. दोन्ही भोगायला लावलं तर कायद्यात नसलेली तिसरीच शिक्षा तयार होते. २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दयेच्या अर्जातला अवाजवी उशीर आणि वेड लागणं ही फाशी रद्द होण्याची कारणं धरली, आणि दयेचा अर्ज प्रलंबित असताना एकांतात ठेवणं घटनाबाह्य आहे हेही पुन्हा बजावलं. त्या मुलाचं काय, हा तुमचा प्रश्न तरीही उभाच राहतो. मी तो झटकत नाही. पण हिंडलग्याच्या कोठडीत दहा वर्षं कोणी बोलायला नव्हतं, याने त्या मुलाचं दुःख गुंजभर तरी कमी झालं का? त्याला ते कोणी कळवलंही नसेल. ज्याच्या नावाने शिक्षा द्यायची, त्याच्यापर्यंत ती पोहोचतच नाही.

गुरुजी : बरं. एकांताचं राहू दे, तिथे मी तुला थोडी वाट देतो. आता सोबतीकडे ये, कारण माझा खरा झगडा तिथे आहे. शाळेत मी बत्तीस वर्षं राघोजी भांगऱ्यांची गोष्ट सांगितली. आपल्याच डोंगरातला माणूस, महादेव कोळी, सावकाराच्या आणि कंपनी सरकारच्या विरोधात उठला, पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. त्याच ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे, नाशिकच्या कटातली तीन पोरं, एकाच दिवशी गेली. १८९८ मध्ये दामोदर चापेकर येरवड्यात असताना टिळकही तिथेच राजद्रोहाची सजा भोगत होते, आणि टिळकांनी दिलेली गीता हातात घेऊन दामोदर फाशीला गेला असं आपण सांगत आलो. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याचे दोघे भाऊ आणि महादेव रानडे पाच दिवसांच्या आत एकामागून एक गेले. सोलापूरचे चौघं, धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यातच. एक मुसलमान, तीन हिंदू, तिघांच्या जाती वेगळ्या. याला मी सोबत म्हणतो. त्यांना बांधणारं काहीतरी होतं, ते तुरुंगाच्या बाहेरून आलं होतं आणि त्यांच्यानंतरही उरलं. तुझ्या यार्डात काय आहे? एक बलात्कारी, एक सुपारी घेणारा, एक दरोडेखोर. यांना बांधतं कोण? दोरच ना? आणि सोबत चांगलीच असते हे कोणी सांगितलं? पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण घे. कॉलेजातले मित्र. एकत्र होते म्हणूनच जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ मध्ये दहा खून पडले. एकटादुकटा असता तर त्यातल्या एखाद्याची तरी हिंमत झाली असती का? २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघं येरवड्यात फासावर गेले. त्यांच्यातल्या मुनव्वर शाहने आत बसून आत्मकथन लिहिलं, ते छापून आलं, मी वाचलंय. माणूस एकटा पडल्यावरच त्याला आपलं कृत्य दिसायला लागतं. तुझी सोबत त्याला ते विसरायला मदत करते.

वकील : मुनव्वर शाहचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं केलंत. पुस्तक लिहायला कागद लागतो, पेन लागतं, आणि आपलं कोणीतरी वाचणार आहे हा भरवसा लागतो. पुरत्या एकांतात हे तिन्ही नसतं. एकांतात माणूस आपल्या पापाचा विचार करत बसतो, ही बाहेरच्यांची समजूत. माणूस आपलं कृत्य आठवत नाही, तो दाराबाहेरचे बूट ऐकतो. आजचे बूट नेहमीचे की वेगळे, नेहमीच्या वेळेचे की अवेळी, एवढंच. पश्चात्तापालाही समोर कोणीतरी लागतं.

आणि बांधणारं काही नाही म्हणालात. त्याच सुनील बात्राची पुढची गोष्ट सांगतो. १९७८ चा निकाल त्याच्या स्वतःच्या कोठडीबद्दल होता. त्यानंतर वर्षभराने त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना चिठ्ठी लिहिली. या खेपेला स्वतःबद्दल अवाक्षर नव्हतं. तिहारमधल्या प्रेमचंद नावाच्या कैद्याला एका वॉर्डरने पैशासाठी छळलं होतं, दंडुक्याने गुदद्वाराला जबर इजा केली होती. बात्राने ते कळवलं. तो या प्रेमचंदचा नातलग नव्हता, साथीदार नव्हता, एका गुन्ह्यातला तर नव्हताच. कोर्टाने ती चिठ्ठीच याचिका म्हणून दाखल करून घेतली आणि २० डिसेंबर १९७९ ला निकाल दिला. तुरुंगातल्या कैद्यांच्या हक्कांबद्दल या देशात जो कायदा आहे, त्याचा मोठा भाग या दोन निकालांवर उभा आहे. आज आधारवाडीच्या नाहीतर ठाण्याच्या तुरुंगातल्या कच्च्या कैद्याला कोणी मारलं आणि मी अर्ज केला, तर मी बात्राच्या त्या चिठ्ठीचा आधार घेतो. एका खुन्याने लिहिलेली चिठ्ठी. तिचं तुम्ही काय करणार? त्याच्या डोक्यावर फाशी असताना दुसऱ्याच्या दुखण्याची दखल घ्यायला त्याच्याकडे जागा कुठून आली? मला वाटतं, त्याचं स्वतःचं प्रकरण त्याच्या हातात उरलं नव्हतं. दुसऱ्यासाठी मात्र काही करणं अजून शक्य होतं.

गुरुजी : बात्राचं मला माहीत नव्हतं. चांगलं आहे. पण एक बात्रा म्हणजे अख्खं यार्ड नव्हे. शिवाय बात्रा लिहिता-वाचता माणूस.

वकील : मग न लिहिणाऱ्याचं सांगतो. तुरुंगाचं नाव घेत नाही, कैद्याचंही नाही. वकीलपत्रावर अंगठा घ्यायला गेलो होतो. मधे टेबल, दाराशी हवालदार. अंगठा झाला, शाई पुसली, माझ्या घड्याळाकडे त्याने एकदा पाहिलं आणि डोळे मिटून म्हणायला लागला. कन्फर्मेशन केस नंबर अमुक, साल अमुक. अपील नंबर अमुक, साल अमुक. असे चार. त्यातला एकही त्याचा नव्हता. शेजारच्या कोठड्यांतल्या चौघांचे नंबर त्याने पाठ केले होते, कारण कागद बाहेर नेता येतोच असं नाही आणि त्या चौघांपैकी कोणाकडेही वकील फिरकत नव्हता. अक्षरओळख नाही, आकडे तोंडपाठ. 'साहेब, यांची तारीख बघून पुढच्या येळंला सांगा, मी त्यांना वरडून सांगतो.' ते नंबर मी वकीलपत्राच्या मागे उतरवून घेतले. एकातही चूक नव्हती. तुमच्या शाळेत पाढे न आलेला हा माणूस असेल, गुरुजी.

गुरुजी : असेल. पाढे न येणारे माझ्याकडे पुष्कळ होते. पण यातूनही तू मला हवं तेवढंच दाखवतोस. आपल्याकडे घाट चढायला गाडीला मागून बँकर, म्हणजे जादा इंजिन, लावतात. तो रेटा खरा असतो, नाकारणारा मूर्ख. पण सदतिसाला एक असा चढ संपला की इगतपुरीला बँकर सुटतो आणि गाडी पुढे जाते. तुझी ही पाच माणसं एकमेकांना रेटतात ती कुठे पोहोचायला? आणि त्यातला एक फासावर गेला तर उरलेले चार त्याच्याबरोबर अर्धे मरतात. एकटा असता तर एकदा मेला असता. तू त्यांना सोबत देऊन पाचदा मारतोयस. हे तुझ्या हिशेबात कुठे धरलंस?

वकील : धरलं नव्हतं. खरं आहे ते. आणि उलटंही खरं आहे. एखादा निर्दोष सुटतो, आपली वळकटी उचलतो, तेव्हा मागे राहिलेल्याला तो आनंद पचवायला जड जातो. यार्डातली सोबत गोड असते असं मी कधी म्हटलं नाही. तिथेही धर्म बघतात, गुन्हा बघतात, लहान मुलीवर अत्याचार करणाऱ्याशी बाकीचे बोलत नाहीत. पण कुठे पोहोचायला रेटतात, याचं एक उत्तर आपल्या घाटाच्या पलीकडेच आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतवस्तीवर दरोडा पडला, एका घरातल्या पाच जणांचे खून झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर धरले. २००६ मध्ये सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तिघांनाही परत लावली. जन्मठेप मिळाली म्हणून सुटकेचा श्वास घेतलेल्या माणसाला दोन वर्षांनी पुन्हा फाशी, याची कल्पना करा. पुढे निघालं, की त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधले वेगळ्याच चौघांचे फोटो ओळखले होते, आणि त्या चौघांची चौकशीच झाली नव्हती. सोळा वर्षं. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई. निकालपत्रात लिहिलंय, की या माणसांना एकांतात ठेवलं होतं, सतत मरणाच्या भीतीत, आणि इतर कैद्यांना रोज अगदी थोडा वेळ भेटू देत होते.

त्या थोड्या वेळाबद्दल मी बोलतोय, गुरुजी. दिवसाचे बाकीचे तास सरकारचे. त्या सहांतला माणूस २००९ पासून २०१९ पर्यंत शुद्धीवर राहिला, वकिलाला चार शब्द नीट सांगू शकला, म्हणून २०१९ चा निकाल ऐकायला तो शिल्लक होता. आणि तो निर्दोष आहे हे २०१० मध्ये कोणाला ठाऊक होतं? त्याच्या शेजारच्या कोठडीतल्या खऱ्या खुन्यालाही नव्हतं. त्याने याच्याशी बोलताना पुरावा मागितला नाही.

गुरुजी : हे मात्र तू नेमकं बोललास, आणि त्यातच तुझी अडचणही आहे. शेजारचा पुरावा मागत नाही, कारण त्याला पर्वाच नाही. निर्दोष काय आणि नराधम काय, त्याच्या लेखी एकच. हा गुण मी मानू का? समाज म्हणून आपण फरक करतो, तो करायलाच हवा. निर्दोष माणसाची सोळा वर्षं गेली म्हणून माझा जीव तुटतो. पण त्या दाखल्याच्या आडोशाने हिंडलग्याच्या माणसालाही माझी तीच माया मिळावी असं तू करतोयस. आणि एक विचारतो, नाशिकच्या त्या घरातल्या वाचलेल्या बाईचं काय झालं? तिने पाच मुडदे पाहिले, कोर्टात साक्ष दिली, सहा जणांकडे बोट दाखवलं, आणि सोळा वर्षांनी कोर्टाने सांगितलं, हे ते नव्हेत. मुंबईच्या लोकलमधल्या ११ जुलै २००६ च्या स्फोटांचंही तसंच. नऊ वर्षांनी पाच जणांना फाशी, आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने जिवंत असलेले आणि आत मेलेलाही निर्दोष ठरवले. आता सर्वोच्च न्यायालयात काय व्हायचं ते होवो. पण ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली, त्यांना कोणतं यार्ड आहे? त्यांच्या भिंतीपलीकडे कोण आहे, ज्याला ओरडून तारीख सांगावी? खटला संपला की त्यांना समन्ससुद्धा येत नाही. फाशीवाल्याला निदान शेजारी आहे. मेलेल्या मुलीच्या आईला गावात लोक टाळतात, कारण काय बोलावं ते कळत नाही. खरा एकांत तिथे आहे, आणि त्यावर तुझ्या एकाही निकालपत्रात कलम नाही.

वकील : कागदावर आहे. भरपाईची कलमं आहेत, आपल्या राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. पण तुम्ही पैशाबद्दल विचारत नाही आहात. नाही, त्याच्यावर काही नाही. शिक्षा जितकी मोठी मागायची तितकं पीडितांचं आपण केलं, असं समाजाला वाटतं, आणि फाशी सुनावली की सगळे घरी जातात. त्या आईकडेही मग कोणी जात नाही. म्हणून मला तुमचं आणि माझं म्हणणं एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाही.

गुरुजी : मला वाटतं. त्या आईला सोबत द्यायला हवी, कारण ती आपली आहे. यार्डातल्याने आपल्यातून स्वतःच नाव काढून घेतलंय. त्याची आणि त्याच्या शेजाऱ्याची जी काही साथ असेल ती त्यांची त्यांनी केलेली. ती मी तोडायला जाणार नाही, पण तिच्या नावाने टाळ्याही वाजवणार नाही. एकांत मात्र त्यांनी केलेला नाही. तो माझ्या नावाने, माझ्या कराच्या पैशावर लावलेला आहे. तेवढ्याचा जाब मी विचारू शकतो.

वकील : पण हे दोन तुम्हाला वेगळे करता येणार नाहीत. एकांत काढला की त्या जागी रिकामं काही येत नाही, शेजारी येतो. जाब विचारून तुम्ही त्या माणसाला सोबतच मिळवून देणार आहात, टाळ्या वाजवा की नका वाजवू.

गुरुजी : मग मिळू दे. मी ती त्याला बक्षीस म्हणून दिली असं मात्र लिहू नकोस. माझी मागणी कोरडी आहे. ज्या तुरुंगात असा माणूस असेल तिथे कोर्टाने विचारावं, की याला दिवसाचे किती तास कुलूप असतं, तो कोणाशी बोलतो, आणि हा एकांत कोणत्या न्यायाधीशाने किती दिवसांचा लावला. त्या हुकमाचा कागद समोर ठेवा, आणि नसेल तर आजच कुलूप काढा. आणि त्याच तारखेला, त्याच कोर्टाने, मेलेल्याच्या घरी कोण जाऊन आलं तेही विचारावं. दोन्ही उत्तरं एकाच कागदावर हवीत. तू अर्ज केलास तर मी सही करीन.

वकील : दुसऱ्या प्रश्नाला मी कलम शोधतो. पहिल्याचा कागद मिळणार नाही, गुरुजी. तीन महिन्यांच्या पलीकडचा हुकूम या देशातल्या कोणत्याही कोर्टाला देताच येत नाही.